बेड आहे का? साथीच्या काळात रुग्णालयांतल्या जागा ऑनलाइन सांभाळण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मधले काही आठवडे मी एका वॉर्डाच्या वॉर रूममध्ये, म्हणजे रुग्णांना बेड मिळवून देणाऱ्या कक्षात, माहितीच्या टेबलावर होतो. काम सांगायला सोपं होतं. कुठल्या रुग्णालयात कोणता बेड मोकळा झाला ते पडद्यावर ठेवायचं, आणि पडद्यावरचं खरं आहे का ते फोन करून बघायचं. दुसऱ्या कामातच दिवस जायचा. पुढे छोट्या रुग्णालयांचे चालक, नगरपालिकांमधले आरोग्य अधिकारी, सॉफ्टवेअर करणारी मुलं असे बरेच जण त्याच त्या गोष्टी विचारत राहिले. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ऑनलाइन बेड व्यवस्थापन म्हणजे डॅशबोर्डच ना?

एसटी स्टँडवर गाड्यांचा फलक असतो आणि आरक्षणाची खिडकी असते. फलकावर गाडी दिसली म्हणून सीट मिळाली असं कोणी समजत नाही. बेडच्या बाबतीत मात्र २०२० मध्ये बहुतेक शहरांनी फलक लावला आणि काम झालं असं मानलं.

यात मुळात तीन वेगळी कामं आहेत. पहिलं दाखवण्याचं : कुठे किती जागा आहेत. दिल्ली सरकारने २ जून २०२० रोजी ‘दिल्ली करोना’ हे अ‍ॅप काढलं ते याचसाठी. पुण्यात विभागीय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पुणे, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण भागातले बेड दिसायचे. दुसरं वाटण्याचं : आत्ता असलेला बेड कोणाला द्यायचा. तिसरं अंदाजाचं : पुढच्या आठवड्यात किती लागतील. पहिलं काम सगळ्यात सोपं आणि दुसरं सगळ्यात अवघड, कारण त्यात कोणाला तरी ‘तुम्हाला आत्ता नाही’ असं सांगावं लागतं. ते सांगायला डॉक्टर लागतो, सॉफ्टवेअरने भागत नाही.

मोजायचं काय? बेड म्हणजे बेडच की.

सगळ्या घोळाचं मूळ या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

खाट म्हणजे बेड नव्हे. खाट, तिच्याजवळ ऑक्सिजनचा पॉइंट, त्या पॉइंटमागे खरोखर दाब असलेली लाइन, आणि त्या पाळीत तो रुग्ण बघणारी सिस्टर, एवढं मिळून एक बेड होतो. आयसीयूत त्यात मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि तो चालवता येणारा माणूस धरायचा. मशीन खोक्यातून काढलं आणि भूलतज्ज्ञ नाही, तर तुमच्याकडे व्हेंटिलेटर आहे, व्हेंटिलेटर बेड नाही. दुसऱ्या लाटेत हा फरक सगळ्यांना कळला. पण पोर्टलवरचा रकाना त्याच्या कितीतरी आधी तयार झाला होता आणि त्यात फक्त ‘व्हेंटिलेटर संख्या’ विचारली होती.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये तीन पायऱ्या आखून दिल्या : सौम्य रुग्णांसाठी कोविड केअर सेंटर, मध्यम आजारासाठी समर्पित कोविड आरोग्य केंद्र, गंभीर रुग्णांसाठी समर्पित कोविड रुग्णालय. कागदावर ही विभागणी छान होती. प्रत्यक्षात शाळेच्या वर्गात लावलेल्या खाटा आणि मोठ्या रुग्णालयातल्या खाटा एकाच बेरजेत जायच्या, आणि संध्याकाळच्या बातमीत ‘शहरात इतके हजार बेड रिकामे’ असं झळकायचं. ते खोटं नसायचं. फक्त ज्याच्या रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्क्यांवर आला आहे त्याला त्यातला एकही उपयोगाचा नसायचा.

म्हणून निदान चार रकाने वेगळे ठेवा : साधा, ऑक्सिजनचा, व्हेंटिलेटर नसलेला आयसीयू, व्हेंटिलेटरसह आयसीयू. डायलिसिस, बाळंतपण आणि लहान मुलांची सोय यांची वेगळी खूण हवी. पॉझिटिव्ह आलेल्या डायलिसिसच्या रुग्णासाठी बेड शोधणं हे आमच्या टेबलावरचं सगळ्यात घाम फोडणारं काम होतं. आणि एकूण बेरीज जाहीर करूच नका. ती वाचून कोणाचंही भलं होत नाही.

संकेतस्थळावर बेड रिकामा दिसतो आणि फोन केला की ‘फुल्ल’ म्हणतात. खोटं कोण बोलतं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू असतानाच पुण्याच्या हेल्पलाइनला फोन लावून बघितला गेला होता. पडद्यावर जागा होत्या आणि फोनवर नकार आला. लोकांना धक्का बसला. आमच्यासारख्या टेबलांवर बसलेल्यांना अजिबात बसला नाही.

आकडा आणि वास्तव वेगळं पडण्याची कारणं अशी. डिस्चार्जचा कागद सकाळी अकराला निघतो, बिल दुपारी दोनला होतं, नातेवाईक गाडी घेऊन चारला येतात, मग बेड पुसून घ्यायचा. अकरा ते पाच तो बेड रिकामाही असतो आणि भरलेलाही. पडद्यावर काय दिसेल, ते भरणाऱ्याने यातला कोणता क्षण धरला यावर ठरतं.

दुसरं कारण बाहेरून कधीच दिसत नाही. आयसीयूतला एक बेड मोकळा होतो तेव्हा त्याच रुग्णालयाच्या वॉर्डात दोन रुग्ण आधीच खालावलेले असतात. डॉक्टर आधी आपल्या आतल्या रुग्णाला वर हलवणार, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे तो बेड बाहेरच्यांसाठी कधी रिकामा नव्हताच. हे सोडवायचं असेल तर पोर्टलवर ‘रिकामे’ असा रकाना न ठेवता ‘आत्ता बाहेरून किती घेऊ शकाल’ असं विचारा. शब्द बदलला की आकडा बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तिसरं कारण अगदी घरगुती. एका रुग्णालयाचा ऑक्सिजन बेडचा आकडा दोन दिवस ‘३’ वरून हलेना. आम्ही चिडलो. चौकशीअंती कळलं की माहिती भरणारा मुलगा स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी पडला होता आणि पासवर्ड फक्त त्याला ठाऊक होता.

मग आकडे किती वेळाने अद्ययावत करायचे?

तासातासाला करा असा फतवा काढणं सोपं असतं. तो दोन दिवस पाळला जातो आणि मग कालचाच आकडा पुन्हा भरला जातो. माहिती पाळी बदलण्याच्या वेळेला जोडा. सिस्टर एकमेकींना वॉर्ड सोपवतात तेव्हा डोकी मोजतातच, तोच आकडा वर चढला पाहिजे. मध्ये फक्त बदल झाला तर कळवायचं.

आणि प्रत्येक आकड्यासमोर ‘शेवटचा बदल कधी’ ही वेळ ठळक दाखवा. सहा तासांत बदल नसेल तर आकडा करडा होऊ दे. शिळा आकडा ताज्याच्या रंगात दाखवणं हा या साधनांचा सगळ्यात मोठा दोष होता, आणि तो दुरुस्त करायला अर्धा दिवस पुरला असता.

माहिती भरायची कोणी?

ज्याला बेड रिकामा झाल्याचं आपोआप कळतं त्याने. म्हणजे वॉर्डातल्या सिस्टर इन्चार्ज किंवा अ‍ॅडमिशन काउंटर. लेखा विभागाला ते सगळ्यात उशिरा कळतं, आणि बहुतेक ठिकाणी काम त्यांच्याकडेच दिलेलं असतं, कारण संगणक तिथे असतो. पासवर्ड किमान तिघांकडे ठेवा. का, ते वर सांगितलंच.

एकच माहिती महापालिकेला एका नमुन्यात, जिल्ह्याला दुसऱ्यात, केंद्राच्या पोर्टलवर तिसऱ्यात आणि वरून व्हॉट्सअ‍ॅपवर चौथ्यांदा मागू नका. साथीत माणूस कमी असतो आणि फॉर्म वाढतात. मग तो चारही ठिकाणी अंदाजे भरतो.

मुंबईच्या वॉर रूम नेमक्या कशा चालायच्या? त्यांचं इतकं नाव का झालं?

आधी सगळा भार एका मध्यवर्ती नियंत्रण कक्षावर होता, म्हणजे १९१६ या क्रमांकावर. मे २०२० मध्ये रुग्ण वाढले तशी ती लाइन लागेना. लागली तरी फोन उचलणाऱ्याला दहिसरचा रुग्ण आणि देवनारचा रुग्ण सारखाच अनोळखी. जूनमध्ये महापालिकेने हे काम चोवीस प्रशासकीय वॉर्डांत वाटलं. ए पासून टी पर्यंत प्रत्येक वॉर्डाची स्वतःची वॉर रूम, तिच्या फोन लाइन, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि बेडचा डॅशबोर्ड. तेव्हाचे आयुक्त इक्बालसिंह चहल यांनी सांगितलेली रचना साधारण अशी : वॉर्डामागे तीस लाइन, दहा डॉक्टर, दहा रुग्णवाहिका.

खरी युक्ती संगणकात नव्हती, क्रमात होती. प्रयोगशाळांचे पॉझिटिव्ह अहवाल महापालिकेकडे यायचे, रात्री पत्त्यानुसार वॉर्डांत विभागले जायचे, आणि सकाळी वॉर्डातूनच रुग्णाला फोन जायचा. म्हणजे रुग्ण बेड शोधत फिरण्याऐवजी बेडवाले रुग्णाला शोधत यायचे. जून २०२० मध्ये पॉझिटिव्ह अहवाल थेट रुग्णाला न देता महापालिकेलाच द्या, असा आदेशही निघाला होता. स्वतःचाच अहवाल आपल्याला मिळू नये यावर टीका झाली, ती रास्त होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने अहवाल रुग्णाला मिळालाच पाहिजे असं बजावलं. आदेश गेला तरी क्रम राहिला.

फोनवर डॉक्टर काय विचारायचा? वय, ताप किती दिवस, साखर-बीपी आहे का, ऑक्सिमीटरवर किती दिसतं, सहा मिनिटं चालल्यावर किती उतरतं. नियमावलीत ९४ च्या खाली आलेला रुग्ण मध्यम आजाराचा आणि ९० च्या खालचा गंभीर. त्यावर बेडचा प्रकार ठरायचा. पुष्कळांना ‘घरीच राहा, संध्याकाळी पुन्हा फोन करतो’ असं सांगितलं जायचं, आणि ज्या वॉर्डात तो संध्याकाळचा फोन खरोखर जायचा तिथे लोक ऐकायचे. बाकीच्या ठिकाणी ओळखीने, नगरसेवकाच्या चिठ्ठीने बेड अडवायला धावायचे. आपल्याकडे ओळख हे सगळ्यात जुनं बेड व्यवस्थापन आहे, ते एका पोर्टलने जात नाही.

यात सगळं आलबेल होतं असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये तासन्‌तास लाइन न लागल्याच्या तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. ४ एप्रिल २०२१ ला एका दिवसात मुंबईत ११,१६३ नवे रुग्ण नोंदले गेले. तीस लाइन असोत की तीनशे, अशा दिवशी कोणीतरी वाट बघत राहतंच.

खाजगी रुग्णालयं आपले बेड खरे दाखवतील कशी?

नुसत्या विनंतीने दाखवत नाहीत, आणि त्यांची बाजूही असते. २१ मे २०२० च्या आदेशाने महाराष्ट्र सरकारने खाजगी रुग्णालयांचे ८० टक्के बेड नियंत्रणाखाली घेतले आणि दर बांधले : विलगीकरण वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,०००. उरलेले २० टक्के रुग्णालयाच्या दराने. आता तुम्हीच सांगा, बेड कुठल्या खात्यात रिकामा दाखवायचा मोह होईल?

यावर मला दोनच गोष्टी चाललेल्या दिसल्या. एक, रुग्णालयात प्रत्यक्ष बसणारा नोडल अधिकारी, जो वॉर्डात जाऊन डोकी मोजेल. दोन, बिलाला बेडच्या नोंदीशी बांधणं. पोर्टलवर दाखल न झालेल्या रुग्णाचं बिल तपासणीत अडकतं हे कळलं की नोंद वेळेवर होऊ लागते. दंडाच्या नोटिशीने मात्र फक्त पत्रव्यवहार वाढतो.

पैशाच्या अटी चुकीच्या बांधल्या तर आकडे बिघडतात, असं फक्त आपल्याकडेच होतं का?

मुळीच नाही. जर्मनीचं उदाहरण सगळ्यांनी बघावं असं आहे. तिथे आयसीयू तज्ज्ञांच्या ‘डिव्ही’ या संघटनेने रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट या साथरोगांवरच्या सरकारी संस्थेबरोबर मार्च २०२० मध्ये देशभराची आयसीयू नोंदवही ऑनलाइन उघडली. हिरवा, पिवळा, लाल अशा सिग्नलच्या रंगांत क्षमता दाखवायची. महिन्याभरात, १६ एप्रिलपासून, रोज माहिती भरणं आयसीयू असलेल्या रुग्णालयांना बंधनकारक झालं. सुमारे तेराशे रुग्णालयं त्यात येत होती. रुग्णवाढ झाली की एका प्रांतातून दुसऱ्यात रुग्ण हलवायला ही नोंदवही कामी आली.

मग २०२० च्या हिवाळ्यात सरकारने रुग्णालयांना भरपाई देताना एक अट घातली : भागातली आयसीयूची मोकळी क्षमता २५ टक्क्यांपेक्षा कमी असली पाहिजे. काही रुग्णालयं मोकळे बेड मुद्दाम कमी दाखवत असावीत, अशी शंका रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटनेच आरोग्य मंत्रालयाला कळवल्याचं २०२१ मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांच्या अहवालातून बाहेर आलं. रुग्णालयांच्या संघटनांनी ते नाकारलं. कोण खरं या वादात आपण पडू नये. आपल्यापुरता धडा असा की जो आकडा बघून पैसे देता, तोच आकडा बघून रुग्ण पाठवू नका.

बेड अडवून ठेवण्याचा घोटाळा काय होता?

बेंगळुरूचा. तिथल्या महापालिकेची मध्यवर्ती बेड वाटप प्रणाली होती, आणि पॉझिटिव्ह रुग्णाला मिळणाऱ्या क्रमांकावर बेड राखला जायचा. मे २०२१ च्या सुरुवातीला आरोप झाला की घरीच असलेल्या, बेड न मागितलेल्या रुग्णांच्या क्रमांकावर बेड अडवून ते पुढे पैसे घेऊन दिले जातात. पोलिसांनी काही जणांना अटकही केली. त्या प्रकरणाला लागलेला राजकीय आणि धार्मिक रंग किळसवाणा होता, पण तो बाजूला ठेवला तरी प्रणालीतलं भोक खरं होतं.

बुजवायचं कसं? बेड राखताच रुग्णाच्या मोबाइलवर संदेश गेला पाहिजे. ठरलेल्या वेळेत रुग्ण पोचला नाही तर राखलेला बेड आपोआप सुटला पाहिजे. शहरात ही मुदत थोड्या तासांची पुरते, ग्रामीण भागात जास्त द्यावी लागते. आणि कोणी, कोणत्या लॉगिनवरून, किती वाजता राखला आणि सोडला, ही नोंद कोणालाही पुसता येता कामा नये. पहाटे तीन ते चारमध्ये एकाच लॉगिनवरून दहा बेड हलले असतील तर ते सकाळी कोणाच्या तरी डोळ्यांवर यायला हवं.

किती बेड लागतील हे आधी कसं काढायचं? आमच्याकडे कोणी मोठा गणिती नाही.

लागत नाही. रोज सरासरी किती रुग्ण दाखल होतात आणि एक रुग्ण सरासरी किती दिवस राहतो, या दोहोंचा गुणाकार म्हणजे भरलेले बेड. रोज ४० दाखल आणि मुक्काम १० दिवस, तर ४०० बेड. जॉन लिटल यांनी हा नियम १९६१ मध्ये रीतसर सिद्ध केला, पण लॉज चालवणाऱ्या कुठल्याही शेट्टी अण्णांना तो आधीपासून माहीत असतो.

याची दुसरी बाजू जास्त कामाची आहे. मुक्काम १० वरून ८ दिवसांवर आणला तर तेवढ्याच रुग्णांना ३२० बेड पुरतात. एकही खाट न विकत घेता ८० बेड ‘मिळाले’. हे नुसतं कागदी गणित नाही. सुरुवातीला घरी सोडण्याआधी दोन चाचण्या निगेटिव्ह याव्या लागत. ठणठणीत माणसं अहवालाची वाट बघत दिवसचे दिवस बेडवर बसून असायची. ८ मे २०२० ला केंद्राने नियम बदलला : सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, तीन दिवस ताप नसेल तर, चाचणीशिवाय सोडा. त्या एका परिपत्रकाने जेवढ्या जागा मोकळ्या केल्या तेवढ्या कुठल्याही अ‍ॅपने केल्या नसतील.

अंदाज बांधताना नव्या रुग्णांच्या आकड्याकडे नव्हे, दाखल होणाऱ्यांच्या आकड्याकडे बघा. ७ जानेवारी २०२२ ला मुंबईत २०,९७१ नवे रुग्ण होते, म्हणजे वर सांगितलेल्या ४ एप्रिल २०२१ च्या जवळजवळ दुप्पट. पण ती ओमायक्रॉनची लाट होती, लसीकरण झालेलं होतं, आणि बहुतेक बेड रिकामेच राहिले. आणखी एक : आयसीयू उशिरा भरतो. बाहेर रुग्ण कमी होऊ लागले म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, तर आतला ताण आणखी काही दिवस वाढतच असतो.

ऑक्सिजनही याच साधनात धरायचा का?

नाही धरला तर साधन अर्धवटच आहे. ऑक्सिजन बेडचा आकडा रिकाम्या टाकीवर उभा असू शकतो.

हिशेब हाताने करता येतो. मोठा जम्बो सिलिंडर म्हणजे साधारण ७ घनमीटर, ७,००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटर घेणारा रुग्ण दिवसात १४,४०० लिटर संपवतो, म्हणजे दोनापेक्षा थोडे जास्त सिलिंडर. नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या हाय फ्लो मशीनवर मिनिटाला ६० लिटर पूर्ण ऑक्सिजन चालू असेल तर दिवसाला ८६,४०० लिटर, बारा सिलिंडर. एक मशीन सुरू झालं की सहा बेडचा ऑक्सिजन गेला. म्हणून पोर्टलवर बेडच्या शेजारी ‘किती तासांचा साठा’ हा रकाना हवा. किलो, टन, सिलिंडर काही नको, फक्त तास. तास सगळ्यांना कळतात.

एप्रिल २०२१ च्या मध्यावर एका रात्रीत मुंबईत सहा रुग्णालयांतला साठा संपत आल्यावर १६८ रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं. ते साधलं, कारण कुठल्या जम्बो केंद्रात, म्हणजे साथीपुरत्या उभारलेल्या मोठ्या कोविड केंद्रात, ऑक्सिजनसह जागा आहे हे तेव्हा माहीत होतं आणि रुग्णवाहिका हाताशी होत्या. पुढच्याच महिन्यात दिल्लीच्या ऑक्सिजनवर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पद्धतीचं उदाहरण दिलं. पण साठा असूनही धोका टळत नाही. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, दाब पडला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. दाबाचा मीटर बघणारा माणूस आणि पडदा बघणारा माणूस यांच्यात थेट फोन असावा, एवढंच यावर म्हणता येतं.

साधी गूगल शीट चालेल का?

पहिल्या आठवड्यात शीटच चालते, आणि नवं सॉफ्टवेअर मागवण्यापेक्षा ती बरी. दुसऱ्या लाटेत देशभर कॉलेजच्या मुलामुलींनी अशाच शीटवर बेड, सिलिंडर, प्लाझ्मा यांच्या याद्या चालवल्या. त्यातल्या चांगल्या याद्यांची खूण एकच असायची : प्रत्येक ओळीसमोर ‘तपासलं, किती वाजता’. बाकीच्या याद्या फॉरवर्ड होत होत आठवडाभर जुन्या व्हायच्या आणि एखाद्या बिचाऱ्या मेडिकलवाल्याला दिवसाला शेकडो फोन यायचे. लोक समाजमाध्यमांवर मदत मागतात म्हणून त्यांच्यावर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ ला सांगितलं, ते याच दिवसांत.

शीट कधी पुरत नाही? दोन जण एकाच वेळी एकच बेड देऊ लागतात तेव्हा. वाटप सुरू झालं की प्रणाली हवी. ती शून्यातून लिहायला बसू नका. केरळात स्वयंसेवी प्रोग्रामरांनी २०२० मध्ये बांधलेलं ‘केअर’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, ते घेऊन वाकवता येतं.

रुग्णांची नावं, फोन नंबर यांचं काय?

लोकांना दिसणाऱ्या पानावर फक्त जागा दिसाव्यात, माणसं नाहीत. २०२० मध्ये सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव-पत्त्यासह याद्या फिरल्या आणि लोकांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं गेलं. त्या याद्या कुठल्या तरी शीटमधूनच बाहेर पडल्या होत्या.

खेड्यापाड्यांत याचा उपयोग होतो का? नेटवर्कच नसतं.

होतो, पण वेगळ्या जागी. गावातल्या माणसाने अ‍ॅप उघडून बेड बघावा ही कल्पना शहरी आहे. तिथे पडदा बघायचा तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने आणि १०८ च्या रुग्णवाहिकेने. प्रश्नही फक्त बेड आहे का एवढा नसतो. तिथे पोचेपर्यंत सिलिंडर पुरेल का, हाही असतो. धडगावहून नंदुरबारला निघालेल्या गाडीला अर्ध्या वाटेत ‘बेड गेला’ असं कळवणं म्हणजे काय, याचा विचार करा. म्हणून अशा जिल्ह्यांत बेड राखल्यावर तो रुग्ण पोचेपर्यंत धरून ठेवणं भाग आहे, मग दोन तास रिकामा दिसला तरी चालेल.

नंदुरबारचंच नाव घेतलं ते उगाच नाही. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच जिल्ह्यात ऑक्सिजन प्लान्ट बसवायला घेतले, आणि जोडीला बेडसाठी नियंत्रण कक्ष आणि संकेतस्थळ चालवलं. आधी ऑक्सिजन, मग पडदा. क्रम लक्षात घ्या.

साथ नसताना हे सगळं बंद करून टाकायचं?

बहुतेक ठिकाणी तसंच झालं. जम्बो केंद्रं उठली ते ठीक, ती तात्पुरतीच होती. पण फोन लाइन आणि पोर्टलही गुंडाळली गेली. वास्तविक नवजात बाळासाठी रात्री व्हेंटिलेटर शोधणारा बाप आजही दहा रुग्णालयांना एकेक करून फोन लावतो. पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत आयसीयूची तीच बोंब असते. आयसीयू आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) एवढे दोनच रकाने वर्षभर चालू ठेवले तरी माणसांची सवय मोडत नाही.

आमच्या नगरपालिकेकडे आत्ता काहीच नाही. उद्या सुरुवात करायची तर?

एक मोबाइल नंबर, जो माणूस बदलला तरी बदलणार नाही. गावातल्या सगळ्या रुग्णालयांची यादी, प्रत्येकाकडे दोन नावं : एक दिवसाचं, एक रात्रीचं. चार रकान्यांची शीट. सकाळी आठ आणि रात्री आठला तुमच्याकडून फोन, त्यांनी भरायची वाट न बघता. एक डॉक्टर, ज्याचा बेड कोणाला द्यायचा हा शब्द अखेरचा असेल, आणि तो फिरवायला कोणाचा फोन आला तर त्या फोनचीही नोंद. एवढ्यावर महिनाभर काढा, मग सॉफ्टवेअरवाल्यांना बोलवा.